गणवेश कोणाचा? : प्राइड मिरवणुका आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या गणवेशविषयक नियमांची चिकित्सा

प्रास्ताविक

१९६५ साली वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाऊस आणि नागरी सेवा आयोग यांच्या कार्यालयांसमोर मूठभर स्त्री-पुरुषांनी हातात फलक घेऊन निदर्शने केली. समलिंगी व्यक्तींना शासकीय सेवेत मज्जाव करणारे धोरण रद्द व्हावे, ही त्यांची मागणी होती. निदर्शनांचे एक प्रमुख संघटक फ्रँक कॅमेनी हे खगोलशास्त्रज्ञ असून १९५७ मध्ये लष्कराच्या नकाशा विभागातून त्यांना याच कारणाने काढून टाकण्यात आले होते. त्यांनी निदर्शकांवर पोशाखाचा एक कडक नियम घातला होता. पुरुषांनी कोट आणि टाय, स्त्रियांनी स्कर्ट परिधान केलाच पाहिजे. शासकीय नोकरी मागणाऱ्याने शासकीय नोकरासारखे दिसावे, हा त्यामागील विचार होता. पुढे दहा वर्षांनी, ८ सप्टेंबर १९७५ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर अमेरिकी हवाई दलातील सार्जंट लिओनार्ड मॅटलोविच झळकले. व्हिएतनाम युद्धात पदके मिळविलेला हा सैनिक आपण समलिंगी असल्याचे जाहीर करीत होता. मुखपृष्ठावर तो हवाई दलाच्या गणवेशात होता. त्याच वर्षी त्याला सेवेतून कमी करण्यात आले.

पहिल्या प्रसंगात नोकरी गेलेला माणूस नोकरदाराचा पोशाख उसना घेतो. दुसऱ्यात नोकरीत असलेला माणूस आपला अधिकृत पोशाख दाखवून नोकरी गमावतो. प्राइड मिरवणुकांमध्ये शासकीय कर्मचाऱ्यांनी गणवेश परिधान करावा की नाही, या प्रश्नाला गेल्या दोन-तीन दशकांत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत जे वादग्रस्त रूप प्राप्त झाले आहे, त्याची मुळे अशा प्रसंगांत आहेत. या विषयावरील चर्चा बहुधा 'समर्थन' आणि 'विरोध' अशा दोन गटांत विभागली जाते. परंतु संबंधित नियम आणि न्यायनिर्णय मुळातून पाहिले असता लक्षात येते की, खरा गोंधळ गणवेशाच्या मालकीविषयी आहे. गणवेशातून बोलते कोण? तो देणारे शासन, तो घालणारी व्यक्ती, की तो पाहून काही अर्थ लावणारा नागरिक? प्रत्येक नियम यांपैकी एकालाच सर्व अधिकार बहाल करतो आणि तेथेच तो फसतो, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अपवाद म्हणून दिलेली अनुमती

अमेरिकी संरक्षण विभागाची गणवेशविषयक मूळ सूचना क्रमांक १३३४.०१ ही २००५ मधील आहे. राजकीय कार्य, खाजगी नोकरी किंवा व्यापारी हितसंबंध यांसाठी, शासनाचा पुरस्कार सूचित होईल अशा रीतीने गणवेश वापरण्यास ती मनाई करते. अनधिकृत भाषणे, मुलाखती, मोर्चे, सभा किंवा सार्वजनिक निदर्शने यांतून एखाद्या कार्यास सेनादलाची संमती असल्याचे ध्वनित होत असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तेथे गणवेश घालता येत नाही. सेनादलाच्या लौकिकास बाधा येईल अशा प्रसंगीही तो वर्ज्य आहे. नियमाच्या शब्दांत प्राइडचा उल्लेख कोठेही नाही. तो असण्याचे कारणही नव्हते. १९९३ च्या 'विचारू नका, सांगू नका' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यामुळे समलिंगी सैनिकाला आपली ओळख उघड करणेच अशक्य होते. या धोरणाखाली तेरा हजारांहून अधिक सैनिकांना सेवा सोडावी लागली.

हा कायदा २० सप्टेंबर २०११ रोजी संपुष्टात आला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, म्हणजे निरसन अंमलात येण्यापूर्वी, सॅन डिएगो येथील मिरवणुकीत सैनिक साध्या वेशात, आपापल्या दलाचे नाव छापलेले टी-शर्ट घालून चालले. पुढील वर्षी, २१ जुलै २०१२ च्या मिरवणुकीसाठी संरक्षण विभागाने प्रथमच गणवेशात सहभागी होण्याची अनुमती दिली. या घटनेचे स्वागत स्वाभाविकपणे मोठ्या प्रमाणावर झाले. परंतु अनुमतीची कारणे लक्षपूर्वक वाचली पाहिजेत. आयोजकांनी सैनिकांना गणवेशात येण्याचे आवाहन केले आहे आणि या घटनेकडे राष्ट्राचे लक्ष वेधले गेले आहे, म्हणून केवळ या वर्षी, केवळ या मिरवणुकीपुरती ही सूट आहे, असे त्यात स्पष्ट केले होते.

येथे मूळ प्रश्नाला बगल दिलेली दिसते. मिरवणुकीत गणवेशाने चालणे म्हणजे सेनेने एखाद्या राजकीय भूमिकेस संमती देणे होय काय? होय असेल, तर प्रसिद्धी मोठी आहे या कारणाने अनुमती देणे नियमाच्या हेतूशी विसंगत आहे. कारण प्रसिद्धी जितकी मोठी तितके संमतीचे ध्वनन अधिक. नसेल, तर सूट देण्याची गरजच नव्हती, नियम तेथे लागूच होत नाही. विभागाने यांपैकी कोणतीही भूमिका न घेता कृपेचा मार्ग पत्करला. कृपा ही अधिकाराची जागा घेऊ शकत नाही, हे प्रशासनशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. जे अपवाद म्हणून मिळते ते अपवाद म्हणूनच काढून घेता येते. ३१ जानेवारी २०२५ रोजी संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी प्राइड महिन्यासह सर्व 'ओळख महिन्यांचे' अधिकृत साजरीकरण बंद केले. सैनिकांनी कामाच्या वेळेबाहेर, अनधिकृतपणे अशा कार्यक्रमांस उपस्थित राहण्यास हरकत नाही, असेही त्यात म्हटले होते. २०१२ मधील सूट एखाद्या तत्त्वावर उभी असती, तर तिला मागे घेताना ते तत्त्व खोडून काढणे भाग पडले असते. खोडण्यासारखे काही नव्हतेच. एक आदेश पुरेसा झाला. त्याच वर्षी ६ मे रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी सैनिकांच्या सेवेवरील बंदी, खटला चालू असताना, अंमलात आणण्यास मोकळीक दिली. गणवेश कोठे घालावा हा प्रश्न त्यांच्यापुरता गौण ठरला, कारण गणवेशच उतरविण्याची वेळ आली.

यासंदर्भात एका जुन्या निर्णयाची आठवण उपयुक्त ठरेल. १९६७ मध्ये ह्यूस्टन येथे व्हिएतनाम युद्धाविरोधी पथनाट्यात लष्करी गणवेश घातल्याबद्दल एका नागरिकास शिक्षा झाली होती. नटाने नाट्यप्रयोगात गणवेश घालण्यास कायद्याची मुभा होती, मात्र त्या भूमिकेमुळे सेनेची अप्रतिष्ठा होता कामा नये, अशी अट होती. 'शॅक्ट विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या खटल्यात १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरविली. सेनेची स्तुती करणाऱ्या नटाला गणवेश आणि टीका करणाऱ्याला तुरुंग, ही विभागणी विचारस्वातंत्र्याशी सुसंगत नाही, असा त्याचा आशय होता. अर्थात हे संरक्षण नागरिकासाठी आहे. सेवेत असलेल्या सैनिकाच्या अभिव्यक्तीवर अमेरिकी न्यायालये बरीच अधिक बंधने मान्य करतात. तरीही निर्णयामागील तर्क महत्त्वाचा आहे. गणवेशाची मुभा आशयावर अवलंबून ठेवली की नियम निःपक्ष राहत नाही. २००५ च्या सूचनेतील 'लौकिकास बाधा' हे शब्द याच दुखण्याचे आहेत. १९७५ मध्ये मॅटलोविच यांचा गणवेशातील फोटो कोणाच्या दृष्टीने दलाची अप्रतिष्ठा करणारा होता आणि आज तो कोणाच्या दृष्टीने तसा आहे, याचे उत्तर काळानुसार बदलते. नियमाचे शब्द मात्र तसेच राहतात.

आज्ञेने चालणारे

अनुमतीच्या प्रश्नाची दुसरी बाजू सक्तीची आहे. प्राइडविषयक चर्चेत ती क्वचितच विचारात घेतली जाते. उदारमतवादी समीक्षकांना ती अडचणीची वाटते आणि सनातनी समीक्षक तिचा केवळ शस्त्र म्हणून वापर करतात. म्हणूनच तिचा विचार थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे.

२००१ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात अग्निशामक दलाच्या दोन जवानांना प्राइड मिरवणुकीत बंबासह सहभागी होण्याचा आदेश देण्यात आला. धार्मिक श्रद्धेच्या कारणास्तव आपल्याला वगळावे, ही त्यांची विनंती नाकारली गेली. त्यांनी आदेश पाळला आणि नंतर न्यायालयात दाद मागितली. तेरा वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. बंबावर बसून गणवेशात जाणारा जवान हा स्वतःचे मत मांडत नसून नेमून दिलेले काम पार पाडत असतो. सबब त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर वा धर्मस्वातंत्र्यावर आघात झालेला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

सॅन डिएगो येथे २००७ मध्ये जवळजवळ हीच घटना घडली. चार जवानांना त्यांच्या इच्छेविरुद्ध मिरवणुकीत पाठविण्यात आले. प्रेक्षकांकडून त्यांना अश्लील शेरेबाजी व हावभाव सहन करावे लागले. २००९ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल देऊन काही हजार डॉलरची भरपाई मंजूर केली आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो कौल कायम केला. तथापि, हा विजय सदसद्विवेकाच्या मुद्द्यावर मिळालेला नव्हता. तो कामाच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाच्या मुद्द्यावर होता. प्रेक्षक सभ्यपणे वागले असते तर हे जवान बहुधा हरले असते. दोन्ही निर्णय शेजारी ठेवून पाहिले की एक विचित्र चित्र दिसते. प्रॉव्हिडन्समध्ये जवानाला मत असल्याचेच नाकारले गेले, तर सॅन डिएगोमध्ये त्याचे मत विचारात न घेता त्याच्या अंगावर आलेल्या शेऱ्यांची भरपाई दिली गेली.

प्रॉव्हिडन्सच्या निर्णयातील तर्क वरवर पाहता निर्दोष आहे. शासकीय कर्मचारी कर्तव्य म्हणून जे करतो ते शासनाचे बोलणे असते, हे तत्त्व अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये 'गार्सेटी' प्रकरणात मान्य केलेले आहे. परंतु त्याच न्यायालयाने १९९५ मध्ये 'हर्ली' खटल्यात मिरवणूक या प्रकाराचे जे विवेचन केले, त्याच्याशी हा तर्क जुळवून घेणे कठीण जाते. बोस्टनच्या सेंट पॅट्रिक दिनाच्या मिरवणुकीत समलिंगी आयरिश वंशीयांच्या गटाला प्रवेश नाकारण्याचा आयोजकांचा हक्क मान्य करताना, मिरवणुकीतील प्रत्येक गट एकूण संदेशात भर घालत असतो, मिरवणूक ही केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे नव्हे, असे न्यायालय म्हणाले होते. मग मिरवणुकीतील बंब हा संदेशात भर घालतो आणि बंबावरील माणूस मात्र घालत नाही, हे कसे? आग विझवायला पाठविलेला जवान 'मला या वस्तीत जायचे नाही' असे म्हणू शकत नाही आणि म्हणू नये. घर समलिंगी जोडप्याचे असो वा चर्चचे, पाणी तितकेच मारले पाहिजे. परंतु मिरवणूक म्हणजे आग नव्हे. तेथे जवानाची गरज त्याच्या कौशल्यासाठी नसते, त्याच्या दिसण्यासाठी असते. ज्या प्रसंगी शासनाला कर्मचाऱ्याचे श्रम नकोत, केवळ त्याचे दृश्य हवे आहे, त्या प्रसंगी 'हे तुझे काम आहे' हा युक्तिवाद दुबळा पडतो.

या दोन शहरांतील घटनांवरून असे म्हणावे लागते की, गणवेशात चालण्याची सक्ती ही चालण्यावरील बंदीपेक्षा अधिक गंभीर आहे. बंदीमुळे व्यक्ती साध्या वेशात का होईना, पण स्वतःच्या मताने उपस्थित राहू शकते. सक्तीमध्ये मत तिचे नसते, चेहरा मात्र तिचा असतो. शिवाय सक्तीने आणलेल्या गणवेशांमुळे मिरवणुकीतील समलिंगी कर्मचाऱ्यांच्या गणवेशालाही अर्थ उरत नाही. २०१२ मध्ये सॅन डिएगोच्या रस्त्यावरून चाललेला नौसैनिक लोकांना हलवून गेला, तो तेथे स्वतःहून आला होता म्हणून. शेजारच्या बंबावरील जवान हुकमाने आला आहे हे ठाऊक असते, तर दोन्ही गणवेशांकडे लोकांनी सारख्याच साशंकतेने पाहिले असते.

'तसे वाटेल' ही कसोटी

ब्रिटनमधील वाटचाल वेगळी आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या १९९९ मधील निर्णयानंतर जानेवारी २००० मध्ये सेनादलातील समलिंगी व्यक्तींवरील बंदी उठली. लंडनच्या मिरवणुकीत २००३ पासून मेट्रोपॉलिटन पोलिसांना गणवेशात चालण्याची मुभा मिळाली, तर २००८ मध्ये तिन्ही सेनादलांचे कर्मचारी प्रथमच एकत्रितपणे गणवेशात सहभागी झाले. ज्या संस्थांनी समलिंगी पुरुषांवर दशकानुदशके पाळत ठेवली, त्यांचाच गणवेश आता मिरवणुकीत दिसतो याला सामाजिक मूल्य होते. पुढे ही प्रथा इतकी रुळली की तिला नियमाचा आधार काय, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही.

तो प्रश्न १६ जुलै २०२५ रोजी इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने विचारला. जुलै २०२४ मध्ये न्यूकॅसल येथील प्राइड मिरवणुकीत नॉर्थम्ब्रिया पोलिस दलाच्या अधिकाऱ्यांना गणवेशात सहभागी होऊ देण्याचा चीफ कॉन्स्टेबलचा निर्णय न्यायमूर्ती लिंडेन यांनी बेकायदा ठरविला. जैविक लिंग बदलता येत नाही, अशी भूमिका घेणाऱ्या एका स्त्रीने हा अर्ज केला होता. इंग्लंड व वेल्समधील पोलिसांच्या सेवानियमांनुसार, कर्तव्याच्या निःपक्षपाती पालनात बाधा आणील किंवा तशी बाधा येईल असा समज जनतेत निर्माण करील, अशा कोणत्याही कृतीपासून पोलिसाने दूर राहावयाचे असते. मिरवणूक पारलिंगी हक्कांच्या वादात एका बाजूचा पुरस्कार करीत होती. त्या वादातील दुसऱ्या बाजूच्या व्यक्तीसंबंधी उद्या काही तक्रार आली, तर गणवेशात त्या मिरवणुकीत चाललेला अधिकारी तिची दखल निष्पक्षपणे घेईल काय, अशी शंका जनतेला येणे स्वाभाविक आहे, असा न्यायालयाच्या विवेचनाचा गाभा होता.

निर्णयाचे स्वागत आणि निषेध दोन्ही तावातावाने झाले. वस्तुतः त्याचे क्षेत्र मर्यादित आहे. मिरवणुकीला संरक्षण देणाऱ्या पोलिसांना तो लागू नाही. समलिंगी अधिकाऱ्याने सुटीच्या दिवशी साध्या वेशात मिरवणुकीत जाण्याचा प्रश्नही त्यापुढे नव्हता. ज्या वादात कायदा अजून घडत आहे, त्यात दंडशक्ती हाती असलेल्या यंत्रणेने बाजू घेऊ नये, ही त्यातील मूळ भूमिका मान्य करण्यास अडचण नसावी. अग्निशामक आणि पोलिस यांच्यात येथे भेद आहे. बंबावरील जवान कोणाची तक्रार नोंदवून घेत नाही, कोणाला अटक करीत नाही. पोलिस करतो. त्यामुळे पदाचे कार्य लक्षात न घेता सर्व 'शासकीय कर्मचाऱ्यांसाठी' एकच गणवेशनियम करण्याची जी प्रवृत्ती अनेक ठिकाणी दिसते, ती मुळातच चुकीची आहे. रुग्णवाहिकेवरील परिचर, ग्रंथपाल, न्यायाधीश आणि पोलिस यांच्या निःपक्षतेकडून समाजाची अपेक्षा एकसारखी नसते.

मात्र 'समज निर्माण होईल' या कसोटीतील धोका दुर्लक्षिण्यासारखा नाही. समज कोणाचा? १९५० च्या दशकात समलिंगी कर्मचारी परकीय हेरांच्या दबावाला सहज बळी पडेल, हाही एक व्यापक 'समज' होता आणि त्याच्या आधारे १९५३ च्या अध्यक्षीय आदेशानंतर अमेरिकेत हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. समजावर आधारलेला नियम बहुसंख्येच्या पूर्वग्रहाला कायद्याची पायरी मिळवून देऊ शकतो. न्यूकॅसलच्या प्रकरणात हे घडले असे म्हणता येत नाही. परंतु त्याच शब्दांच्या आधारे, एखाद्या पोलिसाने आपल्या जोडीदाराचा फोटो टेबलावर ठेवणेही 'समज' निर्माण करणारे ठरविता येईल. नियमकर्त्यांनी येथे एक सीमा आखावयास हवी होती. व्यक्तीचे अस्तित्व उघड होणे वेगळे आणि पदाने एखाद्या मागणीस पाठिंबा देणे वेगळे.

ही सीमा आखण्याचा एक प्रयत्न भारतीय न्यायव्यवस्थेत, अगदी वेगळ्या संदर्भात, फार पूर्वी झालेला आहे. गणवेशाचा प्रश्न त्यात नव्हता, परंतु शासकीय कर्मचारी आणि निदर्शने यांच्या संबंधांचा होता. 'कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य' या १९६२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सेवाशर्तींसंबंधी कोणत्याही प्रकारची निदर्शने करण्यास सरसकट मनाई करणारा बिहारचा नियम रद्द केला. संपावरील बंदी मात्र कायम ठेवली. शासकीय सेवेत प्रवेश केला म्हणजे मूलभूत हक्क गमावले असे होत नाही आणि निदर्शन शांततामय आहे की सार्वजनिक सुव्यवस्थेस बाधक, हा भेद न करणारा नियम टिकू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. 'काय वाटेल' यापेक्षा 'काय घडेल' ही कसोटी यातून पुढे येते. अर्थात पोलिसांची गोष्ट येथेही निराळी आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ३३ आणि १९६६ चा पोलिस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा यांनी राजकीय हेतूच्या सभा व निदर्शनांत भाग घेण्यास पोलिसांना मनाई केलेली आहे. म्हणजे पदाच्या कार्यानुसार बंधन कमी-अधिक करण्याचे तत्त्व आपल्याकडे निदान कायद्याच्या रचनेत तरी आहे. वर्तणूक नियमांची पुस्तिका केवळ वार्षिक गोपनीय अहवालाच्या वेळी उघडणाऱ्या प्राध्यापकवर्गालाही हा निर्णय माहीत असावयास हरकत नाही.

पाहणाऱ्याचा नियम

आतापर्यंतच्या विवेचनात नियम करणारा पक्ष शासन होता. गेल्या दशकात मिरवणुकींच्या आयोजकांनी स्वतःच गणवेशबंदी केल्याने प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे.

टोरोंटो येथे जुलै २०१६ च्या मिरवणुकीत 'ब्लॅक लाइव्हज मॅटर' च्या कार्यकर्त्यांनी सुमारे अर्धा तास मिरवणूक रोखून धरली. पोलिसांचे चित्ररथ व कक्ष वगळावेत, ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. जानेवारी २०१७ मध्ये आयोजक संस्थेच्या सभासदांनी ती मान्य केली. या निर्णयावर 'समावेशकतेच्या नावाखाली बहिष्कार' अशी टीका झाली आणि वरवर ती रास्त वाटते. परंतु टोरोंटोच्या समलिंगी समाजाची स्मृती दीर्घ आहे. ५ फेब्रुवारी १९८१ च्या रात्री पोलिसांनी स्नानगृहांवर छापे घालून सुमारे तीनशे पुरुषांना अटक केली होती. आणि हा केवळ इतिहास नव्हता. २०१० ते २०१७ या काळात शहरातील समलिंगी वस्तीशी संबंध असलेले आठ पुरुष, त्यांतील अनेक दक्षिण आशियाई व मध्यपूर्वेतील, एका खुन्याचे बळी ठरले. खुन्याला अटक झाली ती जानेवारी २०१८ मध्ये. बेपत्ता व्यक्तींच्या तपासाची चौकशी करणाऱ्या माजी न्यायमूर्ती ग्लोरिया एपस्टाइन यांच्या २०२१ मधील अहवालाने पोलिसांच्या तपासातील गंभीर त्रुटी आणि व्यवस्थात्मक पूर्वग्रह नोंदविला. अशा शहरात गणवेश पाहून एखाद्या स्थलांतरिताच्या पोटात गोळा येत असेल, तर त्याला 'असहिष्णू' म्हणणे म्हणजे त्याच्या अनुभवाची चेष्टा करणे होय.

सिडनीचे उदाहरण या संदर्भात अधिक बोलके आहे. १९७८ च्या पहिल्या मार्डी ग्रासमध्ये ५३ जणांना अटक झाली होती. पोलिसांनी त्याबद्दल २०१६ मध्ये क्षमा मागितली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेवेतील एका पोलिस अधिकाऱ्यावर दोन पुरुषांच्या हत्येचा आरोप ठेवला गेला, तेव्हा आयोजकांनी पोलिसांना त्या वर्षी न येण्याची विनंती केली. काही दिवसांच्या वाटाघाटींनंतर पोलिसांनी साध्या वेशात चालावे, अशी तडजोड झाली. पोलिस आले, गणवेश आला नाही. व्यक्ती आणि पद यांना वेगळे करण्याचे जे काम न्यायालयांना आणि मंत्रालयांना नीट जमले नाही, ते एका शहरातील आयोजक व पोलिस यांनी एका आठवड्यात पार पाडले. ते पुढेही असेच राहावे असे कोणी म्हटले नाही. शोकाच्या एका वर्षापुरते ते होते.

तरीही आयोजकांची बंदी टीकेपलीकडे नाही. न्यूयॉर्कमधील 'गोल' या समलिंगी पोलिसांच्या संघटनेची स्थापना १९८२ मध्ये झाली. गणवेशात चालण्याचा हक्क तिने १९९६ मध्ये आपल्याच पोलिस खात्याविरुद्ध न्यायालयीन लढा देऊन मिळविला. मे २०२१ मध्ये 'हेरिटेज ऑफ प्राइड' या आयोजक संस्थेने गणवेशधारी पोलिसांना किमान २०२५ पर्यंत मिरवणुकीत मज्जाव केला. कायद्याच्या दृष्टीने संस्थेला तो अधिकार आहे, आणि गंमत अशी की, हा अधिकार तिला १९९५ च्या ज्या 'हर्ली' निर्णयाने निर्विवादपणे दिला, तो समलिंगी गटाच्या पराभवाचा निर्णय होता. परंतु १९९६ मध्ये ज्यांनी गणवेश अंगावर चढविण्यासाठी वरिष्ठांचा रोष ओढवून घेतला, त्यांना २०२१ मध्ये तोच गणवेश 'दमनाचे प्रतीक' म्हणून उतरवावयास सांगण्यात आले. या अधिकाऱ्यांसाठी गणवेश हे खात्याचे चिन्ह नव्हते, खात्याविरुद्ध जिंकलेली वस्तू होती. पाहणाऱ्याच्या भीतीला न्याय देताना आयोजकांनी घालणाऱ्याचा हा इतिहास हिशेबात धरला नाही. तो धरला असता तर सिडनीप्रमाणे मुदतीची, कारण सांगणारी आणि वाटाघाटीतून आलेली विनंती करता आली असती.

२०२५ मध्ये ती मुदत संपली, तेव्हा प्रश्न पुन्हा नव्या स्वरूपात उभा राहिला. आयोजकांनी गणवेशाला हरकत न घेता शस्त्राला हरकत घेतली. खात्याच्या नियमाप्रमाणे गणवेशातील अधिकाऱ्याने शस्त्र बाळगणे बंधनकारक आहे. एका नियमानुसार गणवेश चालतो पण पिस्तूल नाही. दुसऱ्यानुसार पिस्तुलाशिवाय गणवेश नाही. पोलिस आयुक्त जेसिका टिश यांनी संघटनेच्या सभासदांसह याचा जाहीर निषेध केला. सशस्त्र पोलिस मिरवणुकीच्या कडेने बंदोबस्तासाठी उभे होतेच. मिरवणुकीत चालू इच्छिणाऱ्या समलिंगी अधिकाऱ्यांना मात्र गणवेश किंवा मिरवणूक यांतून एकाची निवड करावी लागली.